स्कॉटिश नाच आणि विद्यार्थ्यांचे कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरात ग्लासगोला नवी मुलं शिकायला येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "ताई, पहिल्याच आठवड्यात कसला तरी नाच आहे, काय घालून जाऊ?" इथपासून ते "कल्चरल नाइटला आठ जणांचा स्कॉटिश नाच बसवायचाय, चार आठवड्यांत होईल का?" इथपर्यंत सगळं विचारून होतं. तीच उत्तरं किती वेळा टाइप करायची, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते. मी नाचाची शिक्षिका नाही. विद्यापीठाच्या कंट्री डान्स गटात शिरले ती मध्यंतरात फुकट चहा-बिस्किटं असतात असं कळलं म्हणून. त्याला आता सात वर्षं झाली.

स्कॉटिश नाच म्हणजे नेमका कुठला?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण पुढचा निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. युट्यूबवर 'स्कॉटिश डान्स' शोधलंत की किल्ट (चौकडीचा, चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा) घातलेली एक मुलगी एका पायावर उड्या मारताना दिसते. तो हायलँड डान्स, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचं नाव लावणारा. तो एकट्याने करायचा, साथीला बॅगपाइप, आणि मुख्यतः स्पर्धांमध्ये दिसणारा. लहानपणापासून वर्षानुवर्षं क्लास केल्याशिवाय तो येत नाही.

दुसरा स्कॉटिश कंट्री डान्स. हा गटाचा. साधारण चार जोड्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात आणि एकमेकांतून वाट काढत आकृत्या करतात. या उभ्या राहिलेल्या गटाला 'सेट' म्हणतात. पावलं शिकावी लागतात, आकृत्या पाठ कराव्या लागतात.

तिसरा केली डान्स. लग्न, वाढदिवस, पदवीदान, नाताळची पार्टी, सगळीकडे होतो तो हाच. कंट्री डान्सचाच हा मोकळाढाकळा भाऊ. पाऊल कसं पडतंय याकडे कुणी पाहत नाही, योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचलात की झालं.

चौथा स्टेप डान्स. कडक तळाच्या बुटांनी जमिनीवर ताल वाजवायचा. स्कॉटलंडमधून हा जवळजवळ विसरला गेला होता. गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणारी माणसं जहाजांत बसून कॅनडातल्या केप ब्रेटनला गेली, तिथे त्यांनी तो जपला, आणि विसाव्या शतकाच्या शेवटी तो तिथून परत आला. घरची जुनी ओवी चुलत पणजीच्या तोंडून परत मिळावी, तसं.

विद्यार्थी म्हणून तुमचा संबंध येणार तो बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्याशी.

'केली' हा काय शब्द आहे?

स्पेलिंग बघून उच्चाराचा अंदाज करू नका, हमखास चुकतो. उच्चार 'केली'च. त्यामुळे "काल रात्री केली केली" असं वाक्य आमच्या फ्लॅटमध्ये अगदी गंभीरपणे बोललं जायचं. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ भेटीला जाणं, शेजाऱ्याकडे बसायला जाणं. थंडीतल्या लांब रात्री कुणाच्या तरी घरी जमून गाणी, गोष्टी, फिडल (म्हणजे व्हायोलिन), आणि जागा असेल तर नाच. आता हॉल भाड्याने घेतात आणि तिकीट लावतात, पण 'बसायला आलोय' हा भाव अजून शिल्लक आहे.

मला अजिबात नाचता येत नाही. गेले तर चालेल?

चालेल कसलं, जाच. बँडसोबत एक 'कॉलर' असतो. तो प्रत्येक नाच आधी संगीताशिवाय चालून दाखवतो, मग संगीत सुरू झाल्यावरही माइकवरून पुढची आकृती सांगत राहतो. नवख्यांसाठी सगळ्यात सोपा 'डॅशिंग व्हाइट सार्जंट'. तिघं तिघांसमोर उभे राहतात, सहा जणांचा गोल करतात, जरा इकडेतिकडे फिरतात, आणि शेवटी एका बाजूचे तिघं हात उंच करतात, दुसरे तिघं त्यांच्या हातांखालून पुढे निघून जातात. लगेच नवीन तिघं समोर हजर. चुकलात तरी अर्ध्या मिनिटात तुमची चूक पाहिलेली माणसं बदललेली असतात. दोन मैत्रिणी बरोबर असल्या तर जोडीदार शोधण्याचा संकोचही नाही.

'स्ट्रिप द विलो'ला मात्र सांभाळून. यात एक जोडी रांगेतल्या प्रत्येकाबरोबर आळीपाळीने गिरक्या घेत खाली जाते. ऑर्क्नी बेटांवरच्या प्रकारात तर अख्खा हॉल दोन लांब रांगांत उभा राहतो आणि एकामागून एक जोड्या सुटत जातात. गिरकीची पकड फुगडीच्या नात्यातली आहे. मागे झुकायचं, समोरच्याचं वजन तोलायचं आणि हात ढिला सोडायचा नाही. फुगडी घातलेल्या मुलींना हे पहिल्याच फेरीत जमतं, हा माझा अनुभव आहे.

आता एक गोष्ट लिहून ठेवा. बांगड्या काढून जा. माझ्या पहिल्या केलीला मी हौसेने हिरव्या काचेच्या बांगड्या घालून गेले होते. चौथ्या का पाचव्या गिरकीला एका धिप्पाड मुलाने मनगट धरलं आणि कट्‌कन आवाज आला. त्याच्या तळहातात काच, माझ्या मनगटातून रक्त, आणि बँड जोरात. तो बिचारा "सॉरी, सॉरी" करत होता आणि मला काळजी पडली होती की लाकडी जमिनीवर पडलेले तुकडे कुणाच्या पायात जातील. घड्याळ, टोकदार अंगठ्या, लांब ओढणी, सगळं खुर्चीवर ठेवा.

इथल्या मुलांना हे जन्मतःच येतं का?

नाही, शाळेत येतं. नोव्हेंबर-डिसेंबर आला की स्कॉटलंडच्या शाळांत पीटीच्या तासाला बास्केटबॉल बंद होतो आणि नाच सुरू होतो, कारण नाताळच्या पार्टीला तो करायचा असतो. व्यायामशाळेच्या एका भिंतीला मुलगे, समोरच्या भिंतीला मुली, मध्ये चकचकीत जमीन, आणि सरांचं "चला, जोडीदार निवडा." इथल्या कुठल्याही तिशीतल्या माणसाला हा प्रसंग विचारा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. घामेजले तळवे, कुणीच न विचारण्याची भीती, सगळं त्याला आठवतं.

आपल्याकडे पीटीच्या तासाला लेझीम असायचं, त्याच जातीचं हे. तेव्हा कंटाळा यायचा, आणि वीस वर्षांनी मिरवणुकीत लेझीम हातात आलं की हात आपोआप चालायला लागतात. इथे लग्नात 'गे गॉर्डन्स'ची धून सुरू झाली की वकील, प्लंबर, आजी, सगळे उठतात. त्यांना पाऊल आठवावं लागत नाही. (हे नाव गॉर्डन हायलँडर्स या पलटणीवरून आलंय, आणि धूनही मार्चच्या चालीची आहे.)

हे सगळं खरंच प्राचीन आहे का?

काही आहे, बरंचसं नाही, आणि काही तर तुमच्या आजीपेक्षा लहान आहे.

अठराव्या शतकात एडिनबराच्या सभागृहांमध्ये सरदार-सावकारांची मंडळी नाचायला जमायची. इंग्लंडकडून आलेल्या रांगांच्या आकृत्या, स्कॉटलंडच्या रील आणि फ्रेंच धाटणीची पावलं यांचा तिथे मेळ झाला. गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक होते, त्यांनी तो खेड्यांपर्यंत नेला. पहिल्या महायुद्धानंतर मात्र नवे फॅशनेबल नाच आले आणि जुने मागे पडायला लागले. तेव्हा ग्लासगोच्या जॉर्डनहिल कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या जीन मिलिगन आणि फॅसनाक्लॉइखच्या इझोबेल स्ट्युअर्ट या दोघींनी पुढाकार घेऊन नोव्हेंबर १९२३ मध्ये ग्लासगोत स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी काढली. जुन्या वह्या, म्हाताऱ्यांच्या आठवणी, छापील पुस्तकं यांतून नाच गोळा करून त्यांनी छापायला सुरुवात केली. १९५१ मध्ये राजाकडून 'रॉयल' हे बिरूद मिळालं. आज तिच्या शाखा जपानपासून कॅनडापर्यंत आहेत.

मिलिगनबाई पीटीच्या शिक्षिका होत्या हे विसरू नका. ताणलेली पावलं, सरळ पाठ, प्रत्येक गावात एकच एक रीत, हा शिस्तीचा सोस तिथून आलाय. यावर इथे अजून वाद होतात. एक पक्ष म्हणतो, बाईंनी नाच वाचवला. दुसरा म्हणतो, वाचवता वाचवता इस्त्री करून टाकली. मला दोन्ही पटतं. पण टोकियोहून आलेला माणूस ग्लासगोच्या हॉलमध्ये अनोळखी सात जणांबरोबर उभा राहतो आणि एकही शब्द न बोलता अख्खा नाच बिनचूक करतो, हे त्या इस्त्रीमुळेच होतं.

इंग्रजांनी या नाचावर बंदी घातली होती ना?

ही गोष्ट प्रत्येक निवेदनात असते, आणि तुमच्या निवेदनात ती नसावी अशी माझी विनंती आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या जॅकोबाइट बंडानंतर १७४६ च्या कायद्याने पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. हे खरं. त्या कायद्यात नाचाचा उल्लेख नाही, बॅगपाइपचाही नाही. 'शॉन ट्रूस' नावाचा हायलँड नाच आहे, नावाचा अर्थ 'जुनी विजार'. त्यातली पाय झटकण्याची हालचाल म्हणजे जबरदस्तीने घालायला लावलेली विजार झटकून टाकणं, असं सांगतात. गोष्ट म्हणून झकास आहे. सांगायची तर 'असं सांगतात' हे दोन शब्द जोडून सांगा.

रील, जिग आणि स्ट्रॅथस्पे कानाने कसे ओळखायचे?

हे तीन धुनींचे आणि त्यांवरच्या नाचांचे प्रकार. रील चारच्या मोजणीत सरळ पळतं, केरव्यावर वाढलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. जिग सहाच्या झोक्यात चालतं, तीन-तीनचे दोन तुकडे. दादऱ्याची सवय असेल तर पाय आपोआप उचलतो. गंमत आहे ती स्ट्रॅथस्पेची. हा खास स्कॉटलंडचा, स्पे नदीच्या खोऱ्याचं नाव लावणारा. याची लय संथ, पण सुरांना एक झटका असतो. आधी आखूड सूर, तोही ठोक्यावर, आणि लगेच लांब सूर. शाळेत वृत्तं पाठ केली असतील तर 'ल गा' म्हणा, मध्येच उलटून 'गा ल' म्हणा, आणि ऐका. एकदा कान पकडला की आयुष्यभर ओळखाल.

नाचायला स्ट्रॅथस्पे सगळ्यात अवघड. वेगात चूक लपते, संथपणात प्रत्येक पाऊल उघडं पडतं.

स्टेजवर सादर करायचं तर कुठला नाच निवडावा?

आधी एक अडचण समजून घ्या. हे नाच बघण्यासाठी बनलेले नाहीत, करण्यासाठी बनलेले आहेत. सेटमधली माणसं आत, एकमेकांकडे तोंड करून उभी असतात. नजर जोडीदाराकडे असते. सुख सेटच्या आत असतं. तुम्ही तो उचलून स्टेजवर ठेवलात की प्रेक्षकांना मिळतात पाठी.

म्हणून सादरीकरणाला, इथल्या भाषेत 'डेम'ला, काही गोष्टी बदलाव्या लागतात. सेट प्रेक्षकांच्या दिशेने लांबट उभा केलात तर पुढची जोडी सोडून काही दिसत नाही. तो आडवा फिरवा, म्हणजे चारही जोड्या बाजूने दिसतात आणि रांगेतून सुटणारी माणसं नीट कळतात. प्रेक्षक गॅलरीत बसणार असतील तर नशीबवान आहात, वरून आकृत्या रांगोळीसारख्या उमटतात.

वरून बघण्यासाठी माझा आवडता नाच 'रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन'. जून १९४० मध्ये फ्रान्समधल्या सेंट व्हॅलेरीला ५१ व्या हायलँड डिव्हिजनचे हजारो सैनिक जर्मनांच्या हाती लागले. त्यांतल्या काही अधिकाऱ्यांना बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत ठेवलं होतं. हा नाच तिथे जन्मला, कैद्यांच्या बराकीत, अर्थातच सगळे पुरुष. नाचाचं वर्णन पत्रातून घरी पाठवलं तेव्हा जर्मन सेन्सॉरला ती सांकेतिक भाषा वाटली, असं सांगतात. (नाचाची टिपणं पाहिलीत तर सेन्सॉरला दोष देणार नाही.) पहिली जोडी कोपऱ्यातल्या दोघांना गिरकी देते आणि चौघं हात धरून एका तिरक्या रेषेत झुलतात. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांबरोबर दुसरी तिरकी रेषा. दोन्ही रेषा मिळून तयार होतो सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रूस, म्हणजे स्कॉटलंडचा झेंडा. शत्रूच्या कैदेत बसून, झेंडा न फडकवता, तो जमिनीवर काढायचा. निवेदनात सांगायचीच असेल तर ही गोष्ट सांगा. बंदीच्या गोष्टीपेक्षा ही कितीतरी बळकट आहे.

वेळेचं गणितही मांडा. नाच बहुधा ३२ मात्राखंडांचा असतो, इथे त्यांना 'बार' म्हणतात. रील किंवा जिगचे ३२ बार साधारण ३४ सेकंदांत होतात. चार जोड्यांच्या सेटमध्ये प्रत्येक जोडीला दोनदा पहिल्या जागेवरून नाचायला मिळावं म्हणून तो आठ वेळा वाजतो, म्हणजे साडेचार मिनिटं. हॉलमध्ये ती कमी वाटतात. प्रेक्षकाला तिसऱ्या वेळीच कळतं की हे परत तेच चाललंय, आणि तो मोबाइल काढतो. स्टेजवर दोनदा, फार तर चारदा करा आणि दुसऱ्या नाचात शिरा. रीलने सुरुवात, मध्ये छोटा स्ट्रॅथस्पे, शेवट जिग किंवा पुन्हा रील. सहा मिनिटांत संपवा. 'एटसम रील' हा आठ जणांचा प्रसिद्ध नाच आहे, त्यात प्रत्येक जण एकदा मध्ये येऊन मिरवतो. पण तो ४६४ बारांचा. लग्नात बहार येते, कल्चरल नाइटला आयोजक पडद्याआडून हातवारे करायला लागतात.

चार आठवडे पुरतील का?

आठवड्याला दोन तालमी आणि तीच आठ माणसं असतील तर एक रील आणि एक जिग होईल. स्ट्रॅथस्पे सोडून द्या.

पहिले दोन आठवडे पावलं. 'स्किप चेंज' हे पुढे जाण्याचं पाऊल आणि 'पा द बास्क' हे जागच्या जागी करायचं. दुसऱ्याला सगळे 'पॅडीबा' म्हणतात, तेच बोला. आकृत्यांची आखूड टिपणं मिळतात, त्यांना 'क्रिब' म्हणतात. ती पाठ करू नका, पायाने चाला. टेबलावर मिठाच्या-मिरीच्या डब्या मांडून सरकवणं हा इथला जुना उपाय आहे आणि तो खरंच चालतो. आम्ही चहाचे कप वापरायचो, कानवाला बाई, बिनकानाचा बुवा.

मग येतात दोन शब्द, ज्यांवर डेम तरतं किंवा बुडतं. एक 'फ्रेझिंग'. आठ बारांची आकृती आठव्या बारालाच संपली पाहिजे. सातव्याला पोचून ताटकळणं आणि नवव्याला धापा टाकत येणं, दोन्ही वाईट. दुसरा 'कव्हरिंग'. तुमच्याबरोबर तीच हालचाल करणारा जो कुणी सेटमध्ये आहे, त्याच्याशी सतत रेषेत राहायचं. पाऊल जरा बेतास बात असलं तरी कव्हरिंग असेल तर टाळ्या मिळतात. उलटं असेल तर आठ उत्तम नर्तक गर्दीत हरवल्यासारखे दिसतात.

आणि संगीताची फाइल स्वतः ऐका, शेवटपर्यंत. आमच्या पहिल्या डेमला तालीम झाली होती चार वेळांची. कार्यक्रमाच्या दिवशी लॅपटॉपवर बसलेल्या मुलाने त्याच नावाचा दुसरा ट्रॅक लावला, आठ वेळांचा. चौथ्या फेरीनंतर आम्ही वाकून नमस्कार केला, संगीत थांबेना. आठ जण एकमेकांकडे बघतोय. मग माझ्या जोडीदाराने ओठ न हलवता "परत" म्हटलं आणि आम्ही सुटलो. सहाव्या फेरीपर्यंत माझ्या पोटरीत गोळा आला होता, सातवीत कुणी तरी उलट्या खांद्याने शिरलं आणि मधल्या तिघांची टक्कर झाली. प्रेक्षकांना ती टक्कर नाचाचाच भाग वाटली. सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

हायलँड फ्लिंग बसवता येईल का? तो जास्त 'स्कॉटिश' दिसतो.

चार आठवड्यांत नाही. भरतनाट्यमचा अलारिप्पू चार आठवड्यांत बसवाल का? तसंच आहे हे. फ्लिंग जागच्या जागी, चवड्यांवर उडत करायचा, वर हरणाच्या शिंगांसारखे हात. स्पर्धेत शंभरपैकी ८० गुण तंत्राला, १० तालाला आणि १० देहबोलीला असतात, यावरून काय ते समजा. तलवारींच्या नाचात जमिनीवर दोन तलवारी फुलीसारख्या मांडतात. पाय लागला की गुण जातात, तलवार सरकली की तुम्ही स्पर्धेतून बाद.

खरा फ्लिंग बघायचा असेल तर ऑगस्टच्या शेवटी डनूनला जा. ग्लासगोहून आगगाडी आणि मग बोट. तिथे काउअल गॅदरिंगमध्ये हायलँड डान्सची जागतिक स्पर्धा असते. एकेकाळी हा पुरुषांचा नाच होता. आता व्यासपीठावर बहुतेक मुलीच दिसतील. पावसाची छत्री न्या.

तुमच्या वर्गात लहानपणापासून हायलँड शिकलेली एखादी मुलगी निघू शकते. तिला विचारा. दोन मिनिटांचा तिचा एकटीचा फ्लिंग, आणि पुढे तुमचा रील, हा उत्तम कार्यक्रम होतो.

किल्ट घालायलाच हवा का? आपण घातला तर त्यांना खटकेल का?

खटकत नाही. सात वर्षांत मला तरी "तू का घातलास" असं कुणी विचारलेलं नाही, "भाड्याने कुठून आणलास" हे विचारलंय. टार्टन, म्हणजे किल्टचं चौकडीचं कापड, अमुकच कुळाचं हवं असा कायदा नाही. सध्याच्या टार्टनच्या थाटामाटाचं बरंचसं श्रेय १८२२ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाच्या एडिनबरा भेटीला जातं. त्या सोहळ्याचा थाट वॉल्टर स्कॉटने मांडला होता. त्यामुळे 'शुद्धते'चा फार धाक बाळगू नका.

पुरुषांच्या पारंपरिक किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटर कापड लागतं. लोकरीचा असतो, गरम होतो. मुली पूर्वी पांढरा झगा आणि खांद्यावर टार्टनची पट्टी अशा डेमला उभ्या राहायच्या, अजूनही काही गट राहतात. विद्यार्थी गट एकसारखे काळे टी-शर्ट आणि घेरदार स्कर्ट यांवर भागवतात. पायात मात्र 'गिली' हवेत, मऊ चामड्याचे, वर नाडीने बांधायचे. बॅले शूजही चालतात. स्पोर्ट्स शूज नकोत, तळवा जमिनीला धरून ठेवतो आणि गुडघा मुरगळतो.

एकदा आम्ही चार मुलींनी नऊवारी नेसून रील केलं. काष्ट्यामुळे पाय मोकळे, पॅडीबा स्वच्छ दिसतो, आणि पदर खोचलेला असला की कुणाच्या हातात येत नाही. सहावारीत करू नका. सांगून ठेवते.

मुलगे कमी पडतात. काय करू?

काही नाही. कुणीही कुठल्याही बाजूला नाचतं, फक्त कोण कुठे ते लांबून कळावं म्हणून एका बाजूने पट्टी किंवा टाय बांधा.

हे रीतसर शिकता येतं का? विद्यार्थ्यांसाठी वेगळं काही असतं का?

जवळपास प्रत्येक मोठ्या ब्रिटिश विद्यापीठात, अगदी इंग्लंडातही, एखादा स्कॉटिश डान्सचा गट असतो. आठवड्याला एक संध्याकाळ, पहिली बहुधा फुकट. हे गट वर्षातून एकदा इंटर-व्हर्सिटी फोक डान्स फेस्टिव्हलला भेटतात. दर वर्षी यजमान विद्यापीठ बदलतं, मुलं स्लीपिंग बॅग घेऊन हॉलच्या जमिनीवर झोपतात आणि रात्रभर नाचतात. डेम बघायला आणि बघून लाजायला याहून चांगली जागा नाही. रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीची उन्हाळी शाळा सेंट अँड्र्यूजला १९२७ पासून भरते आहे. स्टेप डान्सची ओढ लागली तर स्काय बेटावरचं सॉल मोर ओस्टॅग हे गेलिक कॉलेज बघा. आणि पारंपरिक संगीतात पदवीच हवी असेल तर ग्लासगोची रॉयल कॉन्झर्वेटवार आहे. नाचणाऱ्यांनी तिथल्या मुलांशी मैत्री ठेवावी, जिवंत फिडल आणि अॅकॉर्डियनवर एकदा नाचलात की लॅपटॉपवर मन रमत नाही.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

ओढून-ताणून जोडू नका. मुंबईत विल्सन कॉलेज आहे, बॉम्बे स्कॉटिश आहे, पण स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथे शाळा-कॉलेजं आणली, नाच नाही. खरा धागा बॅगपाइपचा. भारतीय लष्करातल्या अनेक पायदळ पलटणींकडे अजून पाइप बँड आहेत, आणि २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट बघितलं असेल तर तो आवाज तुमच्या कानात आधीच आहे. माझ्या वर्गातल्या साताऱ्याकडच्या एका मुलाच्या आजोबांनी फौजेत पाइप वाजवला होता. पहिल्या केलीला आम्ही बिचकत उभे होतो आणि हा पठ्ठ्या सुरांबरोबर मान डोलावत होता.

कार्यक्रम संपवायचा कसा?

शेवटचा नमस्कार झाला की स्टेजवरून निघून जाऊ नका. खाली उतरा, पहिल्या रांगेतल्या लोकांचे हात धरा आणि 'गे गॉर्डन्स' सुरू करा. एका डेमकऱ्याने एक प्रेक्षक, एवढंच. आठांचे सोळा, पुढच्या फेरीला सोळांचे बत्तीस. खुर्च्या भिंतीला लावायला दोन जण आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो वेळ संगीत खातं. प्राध्यापकांना आधी उठवा, मग मुलं आपोआप उठतात.

आणि अगदी शेवटी सगळे गोल करून 'ऑल्ड लँग साइन' म्हणतात. हात सुरुवातीलाच फुली करून धरू नका. आधी साधे हात धरायचे. शेवटच्या कडव्यात 'हा घे माझा हात' अशा अर्थाचे शब्द येतात, तेव्हा फुली. बाहेरचा माणूस कोण ते इथले लोक यावरूनच ओळखतात, अर्थात निम्मे इथलेही चुकतात.